वस्तूआधी कॅटलॉग निवडा

ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी कडेगाव तालुक्यात फिरू लागले, तशी इथल्या शेतकऱ्याची खरेदीही बदलली. पाणबुडी मोटर, ठिबकच्या नळ्या, फिल्टर, विद्राव्य खते, पॉवर विडर, फवारणीचे पंप या गोष्टी आता मोठ्या बागायतदारापुरत्या राहिलेल्या नाहीत. पूर्वी त्यासाठी विटा, कराड किंवा पलूसची पेठ गाठावी लागे. आजही माल बहुधा तिथूनच येतो, पण पहिली चौकशी होते मोबाइलवर. 'पाच एचपी मोटर' असे टाइप केले की क्षणात पन्नास चित्रे, पन्नास किमती समोर येतात आणि माणूस त्यांतून निवडू लागतो. घोटाळा इथेच सुरू होतो. पन्नासांतली कोणती घ्यावी, यावर घरात चर्चा होते. पण ही पन्नास कुठून आली आणि बाकीची हजारो का आली नाहीत, हे कुणी विचारत नाही. ऑनलाइन खरेदीत माणूस फसतो तो बऱ्याचदा वस्तू निवडताना नाही, तर त्याच्याही आधी, चुकीच्या कॅटलॉगात शिरताना. म्हणून वस्तू शोधण्याआधी कॅटलॉग शोधायला शिकावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

शोधयंत्र काय करते ते आधी पाहू. तुमचे दोन-तीन शब्द मिळाले की ते प्रथम तुम्हाला काय हवे असेल याचा अंदाज बांधते. आपल्याकडे विहिरीवरच्या पंपाला 'मोटर' म्हणतात आणि 'पंप' म्हटले की पाठीवरचा फवारणी पंपही डोळ्यांसमोर येतो. यंत्राला हा फरक शब्दांवरून कळेलच असे नाही. मग ते आधीच्या लोकांनी अशा शब्दांनंतर कशावर बोट ठेवले, तुम्ही कोणत्या भागात आहात, विक्रेत्याने मालाच्या नावात कोणते शब्द घातले आहेत, कुणी जाहिरातीचे पैसे भरले आहेत, अशा खुणांचा आधार घेते. त्यावरून ते ठरवते की हा घरगुती पाण्याच्या टाकीचा प्रश्न आहे की शेतीचा, आणि मग त्या त्या विक्रेत्यांच्या याद्यांतून माल उचलून तुमच्यापुढे मांडते. शहरात अर्ध्या किंवा एक एचपीचे, सिंगल फेजवर चालणारे पंप जास्त विकले जातात, म्हणून शेतकऱ्याच्या साध्या शोधातही तेच वर येतात. यात कुणाचा दुष्ट हेतू असायलाच हवा असे नाही. पण निर्णय झालेला असतो आणि तो तुमच्या रानाची, तुमच्या विजेची माहिती नसताना झालेला असतो.

हेतू नेहमी निर्मळच असतो, असेही नाही. युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये गुगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला. कारण हे की, शोधाच्या निकालांत या कंपनीने स्वतःच्या किंमत-तुलना सेवेला वरची जागा दिली आणि दुसऱ्यांच्या सेवा खाली ढकलल्या. हा दंड युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायम केला. आपल्या भारतीय स्पर्धा आयोगानेही फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधातील पक्षपाताबद्दल याच कंपनीला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. हे दाखले कुणाला घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. कोणती यादी वर दिसावी हा पैशांचा प्रश्न असतो, एवढे त्यांतून स्पष्ट होते. भारतात ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू झाल्यापासून विक्रीच्या मंचांना मालाचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लागतो हे सोप्या भाषेत सांगावे लागते. ते पान बहुतेक ग्राहक उघडतही नाहीत. एकदा उघडून वाचावे, म्हणजे 'स्पॉन्सर्ड' किंवा 'जाहिरात' असे बारीक अक्षरांत का लिहिलेले असते ते कळेल.

मग कॅटलॉग निवडायचा कसा? माझ्या मते त्याची एकच कसोटी पुरेशी आहे: या यादीतली नोंद चुकली तर जबाबदार कोण? मोठ्या विक्री-मंचावरचा तपशील बहुधा मंचाने लिहिलेला नसतो. तो विक्रेत्याने भरलेला असतो, आणि वर्णन खरे असल्याची हमी मंच विक्रेत्याकडून लिहून घेतो. एकाच मोटरची पाच विक्रेत्यांनी पाच प्रकारे केलेली वर्णने तिथे शेजारी शेजारी नांदतात. उत्पादकाच्या स्वतःच्या कॅटलॉगात मात्र प्रत्येक आकड्याखाली कारखान्याचे नाव असते. कडेगावच्या शेजारी, पलूस तालुक्यात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तिथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. पुढे त्याचे मोठे मासिक झाले, पण आरंभी ते कारखान्याचे आणि त्याच्या मालाचे वर्तमान गिऱ्हाइकापर्यंत नेणारे पत्र होते. नांगर करणाऱ्याने नांगराविषयी स्वतःच्या नावाने बोलायचे, ही चांगली रीत आपल्या परिसरात शंभर वर्षांपूर्वीच पडलेली आहे. मोबाइलच्या पडद्यावर तीच रीत शोधायची आहे.

मोटरचेच उदाहरण नीट सोडवून पाहू, कारण त्यात सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त मनस्ताप जातो. विक्री-मंचावरच्या नोंदीत बहुधा तीन आकडे असतात: एचपी, 'मॅक्झिमम हेड' आणि 'मॅक्झिमम डिस्चार्ज'. वाचणाऱ्याला वाटते की ही मोटर इतक्या उंचीवर इतके पाणी टाकते. ते खरे नाही. पंप आपल्या कमाल उंचीवर पोचतो तेव्हा त्याचे पाणी जवळजवळ शून्य असते आणि पाणी कमाल असते तेव्हा उंची नाममात्र असते. दोन्ही आकडे एका वेळी कधीच मिळत नाहीत. तुम्हाला हवा असतो तो मधला आकडा: माझ्या उंचीला किती पाणी? तो फक्त उत्पादकाच्या परफॉर्मन्स तक्त्यात असतो. त्यासाठी आधी आपले हेड काढावे लागते. समजा उन्हाळ्यात विहिरीचे पाणी जमिनीपासून १८ मीटर खाली जाते, रान विहिरीपेक्षा ८ मीटर उंच आहे, ठिबक आणि फिल्टरला १ किलोचा दाब लागतो म्हणजे आणखी १० मीटर, आणि पाइपातल्या घर्षणात ४ मीटर जातात. एकूण हेड झाले ४० मीटर. सेकंदाला ५ लिटर पाणी हवे असेल तर ५ गुणिले ४० म्हणजे २००, त्याला ७५ ने भागले की २.६७ एचपी. ही झाली निव्वळ पाण्याची ताकद. मोटर आणि पंप मिळून ५५ टक्के कार्यक्षम धरले तर लागते जवळपास ४.८५, म्हणजे ५ एचपी. तेच रान आणखी २० मीटर उंच असते तर त्याच पाण्यासाठी साडेसात एचपी लागली असती. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कोणताही शोध सुरू करू नये. तो मांडला की शोधाचे शब्दही आपोआप बदलतात: 'पाच एचपी मोटर' याऐवजी 'ओपनवेल सबमर्सिबल, पाच एचपी, थ्री फेज, हेड ४० मीटर, परफॉर्मन्स चार्ट' असे लिहिले की शोधयंत्र घरगुती पंपांच्या याद्या बाजूला सारून उत्पादकांच्या तांत्रिक कॅटलॉगांकडे वळण्याची शक्यता कितीतरी वाढते. शब्द इंग्रजीत लिहावे, कारण हे कॅटलॉग बहुतेक इंग्रजीतच असतात. उत्तर मात्र मराठीतही समजून घेता येते. तक्त्यात ४० मीटरच्या रकान्याखालचा आकडा पाहा आणि किती व्होल्टपर्यंत मोटर चालते तेही पाहा. आपल्या भागात शेतीची वीज आळीपाळीने मिळते आणि सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू झाल्या की दाब पडतो, त्यामुळे व्होल्टेजचा हा आकडा एचपीइतकाच महत्त्वाचा आहे.

तांत्रिक कॅटलॉगात सांगितलेले खरे की खोटे, हे तपासायला तिसरी यादी लागते, आणि ती भारतीय मानक ब्यूरोची. बोअरच्या पाणबुडी पंपसंचांसाठी आयएस ८०३४, विहिरीतल्या ओपनवेल पाणबुडी संचांसाठी आयएस १४२२० आणि मोनोब्लॉकसाठी आयएस ९०७९ ही मानके आहेत. ठिबकच्या लॅटरलसाठी आयएस १२७८६ आणि ड्रिपर आतच बसवलेल्या इनलाइन नळीसाठी आयएस १३४८८. मालावरच्या आयएसआय चिन्हावर मानकाचा क्रमांक असतो आणि 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांकही असतो. 'बीआयएस केअर' या मोफत अॅपमध्ये तो परवाना क्रमांक घातला की परवाना कुणाचा, कोणत्या मालासाठी आणि तो चालू आहे की संपला, हे दिसते. चित्रात चिन्ह आहे पण क्रमांक दिसत नाही, असा माल विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडे क्रमांकाचा फोटो मागावा. देणारा लगेच देतो.

औषधांच्या बाबतीत तर विक्रीचा कॅटलॉग सर्वांत शेवटी उघडावा. कीटकनाशक कायदा, १९६८ प्रमाणे प्रत्येक औषधाची नोंदणी ठरावीक पिकावरच्या ठरावीक किडीसाठी किंवा रोगासाठी होते. यालाच शेतकरी 'लेबल क्लेम' म्हणतात. कोणत्या औषधाला कोणत्या पिकावर लेबल क्लेम आहे, किती मात्रा, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, ही माहिती केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीच्या 'मेजर युजेस' या यादीत असते. द्राक्षबागायतदारासाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची 'अॅनेक्शर ५' ही यादी आणखी नेमकी आहे, कारण निर्यातीच्या द्राक्षातील उर्वरित अंशाचा हिशेब तिच्यावर बसतो. २०२२ पासून परवानाधारक विक्रेत्याला ऑनलाइन मंचावरूनही कीटकनाशक विकता येते, त्यामुळे परवाना क्रमांक विचारणे हा ग्राहकाचा हक्कच आहे. 'टॉनिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचेही तसेच: २०२१ साली जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा घटक आणि प्रमाण छापलेले नसेल तर ती बाटली स्वस्त असली तरी घेऊ नये.

कधी कधी तर शोधाचे उत्तर मालाच्या कुठल्याच कॅटलॉगात नसते. सांगली-साताऱ्याच्या उसात हुमणीने दरवर्षी नुकसान होते. 'हुमणी औषध' असा शोध घेतला की पावडरी आणि बाटल्यांची रांग लागते, कारण विक्रेत्यांनी ते शब्द आपल्या मालाला चिकटवलेले असतात. पण कृषी विद्यापीठांची शिफारस सुरू होते ती विकतच्या मालाने नाही. वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब, बाभळीवर बसतात; तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करावे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारावे, आणि हे एकट्याने नाही तर गावाने मिळून करावे. अळी मोठी झाल्यावर औषधाचा उपयोग फार कमी होतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची दरवर्षीची 'कृषिदर्शनी', पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या ठिकाणी हे वाचायला मिळते. किडीचे, रोगाचे, वाणाचे नाव शोधात असेल तर पहिला थांबा शिफारशीचा असावा, दुकानाचा नव्हे. नव्या उसाच्या वाणाची रोपे म्हणून समाजमाध्यमांवर जे विकले जाते, त्यातला वाण अधिकृतपणे प्रसारित झाला आहे का, हे याच संस्थांच्या माहितीवरून कळते.

अनुदानाची खरेदी असेल तर आणखी वेगळी यादी महत्त्वाची ठरते. महाडीबीटीवर ठिबक किंवा यंत्रासाठी अर्ज केला असेल तर पूर्वसंमती मिळण्याआधी विकत घेतलेला माल, कितीही चांगला असला तरी, अनुदानातून बाद होतो. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला महावितरणने नेमलेल्या पुरवठादारांच्या यादीतूनच निवड करावी लागते. बाहेरच्या कुठल्याही संकेतस्थळावरची स्वस्त किंमत तिथे निरुपयोगी आहे. सौर पंपाच्या नावाने पैसे उकळणाऱ्या खोट्या संकेतस्थळांबद्दल केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वारंवार इशारे दिले आहेत. शोधात पहिल्या क्रमांकावर आलेले पान सरकारीच असेल असे मानू नये. पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा, आणि शंका असेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा महावितरणच्या उपविभागात जाऊन विचारावे. एवढी एक खेप लाखाचे नुकसान टाळू शकते.

इतके सगळे कशाला, हजारो लोकांनी चांगले म्हटलेला माल वाईट कसा असेल, असे कुणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे. बॅटरी, टॉर्च, ताडपत्री, हातमोजे अशा वस्तूंसाठी लोकांचे अभिप्राय पुरेसे आहेत आणि मोठ्या मंचाचा कॅटलॉगच सर्वांत सोयीचा. पण मोटर किंवा औषध यांचा अभिप्राय देणाऱ्याचे रान, पाणी आणि पीक तुमचे नसते, आणि पार्सल उघडून 'पॅकिंग छान' असे लिहिणाऱ्याने ती मोटर मे महिन्यात चालवलेली नसते. अभिप्रायांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न इतका मोठा झाला की भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यासाठी आयएस १९००० हे स्वतंत्र मानक काढले. अभिप्राय वाचायचेच तर मधले वाचा, म्हणजे दोन-तीन तारे देणाऱ्यांचे. नेमकी तक्रार काय ते तिथे कळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आमचा दुकानदार पिढ्यान्‌पिढ्यांचा, तो उधारी देतो, मोटर जळली तर माणूस पाठवतो. मोबाइलवर हे कोण करणार? खरे आहे, आणि माल शेवटी त्याच्याकडूनच घेणे बऱ्याचदा शहाणपणाचे असते. वाइंडिंग, सुटे भाग, हमीची पूर्तता या बाबतीत जवळच्या पेठेला पर्याय नाही. मात्र दुकानदाराचा कॅटलॉग म्हणजे त्याची फळी: ज्या कंपन्यांची एजन्सी त्याच्याकडे आहे तोच माल तो दाखवणार, आणि त्यात गैर काही नाही. त्याच्याकडे जाण्याआधी उत्पादकाचा तक्ता पाहिलेला असेल, तर 'कोणती चांगली?' असे न विचारता '४० मीटरला पाच लिटर देणारी कोणती आहे?' असे विचारता येते. चांगल्या दुकानदाराला हा प्रश्न आवडतो.

आता तर थेट एआयलाच विचारता येते, मग या याद्यांची गरज काय, असेही तरुण विचारतात. एआयचे उत्तरही कुठल्या तरी पानांवरून, कुठल्या तरी याद्यांवरूनच तयार होते, आणि ती निवड पडद्यामागे झालेली असल्याने उलट जास्त दक्षता लागते. त्याला हिशेब करायला जरूर लावावे. पण औषधाची मात्रा, परवाना, अनुदानाची अट यांबाबत 'हे कोणत्या यादीत लिहिले आहे, ते पान दाखव' असे विचारून मूळ नोंद डोळ्यांनी पाहावी. मूळ सरकारी याद्या इंग्रजीत, लांबलचक आणि वाचायला कंटाळवाण्या आहेत, हे मान्यच आहे. त्या मराठीत आणि मोबाइलवर सहज वाचता येतील अशा झाल्या पाहिजेत, ही मागणी शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि द्राक्ष व ऊस उत्पादकांच्या संघटनांनी लावून धरायला हवी.

कडेगाव, चिंचणी, वांगी, देवराष्ट्रे इथल्या दुकानदारांनाही यात काम आहे. तुमचा माल शोधात येत नाही, कारण बहुतेकदा तुमची यादीच कुठे नसते. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये कॅटलॉगची सोय आहे, गुगलवर दुकानाची नोंद मोफत करता येते. मालाच्या नावात कंपनी, मॉडेल, एचपी, फेज, आयएस क्रमांक लिहा. सोबत 'विहिरीची मोटर', 'ठिबक नळी', 'फवारणी पंप' हे गिऱ्हाइकाच्या तोंडचे शब्दही लिहा. आज माल आहे की नाही आणि किंमत काय हे खरे लिहा. नुसते 'बेस्ट क्वालिटी, बेस्ट रेट' लिहिलेल्या यादीत शोधयंत्राला हेरण्याजोगे काहीच नसते. विक्रीनंतरची सेवा तुमच्याकडे आहे, ती दूरच्या विक्रेत्याकडे नाही. तीही नोंदीत ठळकपणे यायला हवी.

आणि ऑनलाइन माल मागवलाच, तर खरेदीच्या क्षणी त्या नोंदीचा स्क्रीनशॉट ठेवा: वर्णन, विक्रेत्याचे नाव, किंमत, हमी, माल कोणत्या देशात बनला ते. आलेला माल वर्णनाशी जुळला नाही तर मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.